जेवणाआधीचा पेला

(तृतीय वर्ष कला)

"नाताळचे जेवण म्हणजे काय हो, केक आणि बाटली!"

आमच्या संकुलाच्या सभेत एका काकांनी हे वाक्य टाकले आणि सगळे हसले. मीही हसले. समोरच्या दारच्या आंटी त्या वेळी शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हसणे त्यांनाही भाग होते, त्या हसल्या. परंतु त्यांचे हसू आमच्या हसण्याच्या बरेच आधी संपले, आणि ते मला दिसले. तेव्हापासून जो विषय डोक्यात घोळतो आहे, तो एकदा कागदावर उतरवावा म्हणून हा लेखनप्रपंच. विषय क्षुल्लक वाटेल. जेवणापूर्वी काय खायला द्यावे आणि काय प्यायला द्यावे, हा काय लेखाचा विषय झाला? वाचकांनी थोडा धीर धरावा.

मिरजोळे हे गाव रत्नागिरी शहराला इतके लागून आहे की परगावच्या माणसाला शहर कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले हे समजत नाही. एका अंगाला वाड्या, आंब्याच्या बागा, देवळे. दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत. त्या वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, आणि कारखाने आले की माणसे येतात. आमच्या संकुलात चौदा बिऱ्हाडे आहेत. कोणी संगमेश्वरचे, कोणी घाटावरचे, एक कारवारकडचे, दोन कोकणी मुसलमान कुटुंबे, एक जैन कुटुंब आणि एक आंटींचे. आंटींचे माहेर गोव्याचे. त्यांचे यजमान मासळीच्या कारखान्यातच नोकरीला होते, ते आता हयात नाहीत. त्यांनी जन्मात कधी दारूच्या थेंबाला बोट लावले नाही, हे सगळ्या संकुलाला ठाऊक आहे. तरीसुद्धा "केक आणि बाटली" म्हटल्यावर आम्ही हसलोच. हिंदी चित्रपटांनी आपल्या डोळ्यांपुढे जो ख्रिश्चन माणूस उभा केला आहे, गळ्यात क्रॉस, हातात बाटली आणि जिभेवर मोडकी हिंदी, तो शेजारच्या जित्याजागत्या माणसापेक्षा आपल्याला अधिक खरा वाटतो, याला काय म्हणावे?

गणपती, ईद आणि दिवाळी आम्ही एकमेकांकडे जाऊन-येऊन साजरी करतोच. २०२४ साली कोणाच्या तरी मनात आले की नाताळचे जेवण सगळ्यांनी मिळून करावे. प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा, गच्चीवर मांडव घालायचा. जेवणाचे दहा मिनिटांत ठरले. भात कोणी, वडे कोणी, भाजी कोणी, सागोती कोणी. अडले ते जेवणाआधीच्या खाण्यापिण्यापाशी. त्यासाठी तीन सभा झाल्या.

तीन सभा का व्हाव्यात? एक कारण असे की ही वस्तूच मुळी आपली नाही. आपल्या पंगतीत 'आधी' असे काही नसते. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भाताची मूद. सगळे वाढून झाले की यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणतात आणि जेवण एकदम सुरू होते. भूक वाढावी म्हणून जेवणाआधी खायचे, ही कल्पना आमच्या आजीला समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. "भूक लागायला खायचं? मग उपास कशाला करतात गो?" हा तिचा प्रश्न. मराठीत या गोष्टीला धड शब्दही नाही. 'चखणा' म्हणावे तर त्याला बाटलीचा वास येतो, आणि 'स्टार्टर' म्हणावे तर ट्यूबलाइट आठवते. मी या लेखात 'आधीचे खाणे' असेच म्हणणार आहे.

सभेत चार पक्ष पडले. पहिला पक्ष तरुणांचा (आणि ज्यांना तरुण म्हणवून घ्यायचे आहे अशांचा). त्यांचे म्हणणे, नाताळ आहे, गच्ची आपलीच आहे, थोडीशी चालायला हरकत काय? दुसरा पक्ष सोयीचा: बाजारातून शीतपेयांच्या मोठ्या बाटल्या आणाव्यात, वेफर्सची पाकिटे फोडावीत, काम खलास. तिसरा पक्ष शाकाहारी मंडळींचा. त्यांना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वेगळे टेबल हवे होते. चौथा पक्ष एकट्या भाभींचा. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या केकात रम असते का हो? म्हणजे आमच्या मुलांना आधीच सांगून ठेवते."

यावर सभा चपापली. काहींना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला. परंतु आंटींचा चेहरा प्रथमच खुलला. त्या म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत. इतकी वर्षं डबे पाठवते, पण आजवर कुणी विचारलंच नाही."

ते वाक्य ऐकून मला घाम फुटला. त्याचे कारण सांगते.

आंटी दर नाताळला प्रत्येक घरी एक ताट पाठवतात. गोव्याकडे या रिवाजाला कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडचे लोक त्या फराळाला कुस्वार म्हणतात. ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. कलकल असतात, म्हणजे काट्यावर किंवा कंगव्यावर वळून तळलेले गोड शिंपले. दोदोल असतो, तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचा रस तासन् तास आटवून केलेला. कधी पेरूची वडी असते. आणि केकचा एक तुकडा असतो. आमच्या घरी नेवऱ्या आणि कलकल संपत. केक मात्र आजी "त्यात काय काय घालतात कोण जाणे" असे म्हणून बाजूला ठेवी आणि संध्याकाळी तो वॉचमनच्या हातात पडे. दुसऱ्या दिवशी जिन्यात आंटी विचारीत, "केक आवडला का गो?" आणि मी सांगे, "हो आंटी, छान होता." दहा वर्षे मी हे उत्तर दिले आहे. वॉचमन आमचा एकट्याचा नव्हता, सगळ्या संकुलाचा होता. त्या दिवशी त्याच्याकडे किती घरांतले तुकडे जमत असतील आणि ते आंटींना दिसत नसेल काय, हा हिशेब मी सभेत बसल्या बसल्या प्रथमच केला.

कोणी कोणाच्या हातचे खावे-प्यावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. इतिहास हा माझा मुख्य विषय असल्याने दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. १८४९ साली दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस मंडळी नावाची एक गुप्त सभा निघाली. तिच्यात यायचे तर जातिभेद मानत नाही हे कृतीने दाखवावे लागे. कृती कोणती? ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. हे सगळे बंद दाराआड. पुढे १८६० साली सभासदांच्या नावांचे दफ्तर चोरीला गेले आणि आता नावे फुटणार या भीतीने ती सभाच मोडली. शिकलेसवरलेले, सुधारक म्हणवणारे हे लोक. परंतु पावाच्या एका तुकड्यापायी त्यांची गाळण उडाली! आज औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर सकाळी आठ वाजता मिसळपावाच्या गाडीपुढे जी गर्दी असते, तिला हे सांगून खरे वाटणार नाही.

दुसरी गोष्ट चहाची. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसताच पुढ्यात ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवून दिले. रानड्यांनी १८९२ साली, स्नेह्यांची अडचण दूर व्हावी म्हणून, प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचाच रोष ओढवून घेतला. लोकमान्य आमच्या रत्नागिरीत जन्मले, म्हणून ही गोष्ट आम्हांला आपल्या घरातली वाटते.

या प्रकरणात एक बारकावा आहे, त्याकडे माझे लक्ष आत्ता आत्ता गेले. पंचहौद मिशनमध्ये जेवण नव्हतेच. पंगत नव्हती, भात नव्हता, मांस नव्हते. एक पेला चहा आणि बिस्कीट, म्हणजे निव्वळ 'आधीचे खाणे'! आणि सगळे रामायण त्यावरच घडले. याचा अर्थ मी असा लावते की माणसे एकत्र येतात की नाही हे जेवणात ठरत नाही, त्याआधीच्या पेल्यात ठरते. पान वाढले गेले की ज्याला जे चालते तो ते खातो, बाकीचे बाजूला सारतो, कोणाचे लक्ष नसते. परंतु उंबरठ्यात हातात आलेला पेला घेतला की नाही, हे सगळ्यांना दिसते.

रत्नागिरीपुरते बोलायचे तर येथे सहभोजनांची परंपरा आहे. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर येथे स्थानबद्ध होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले, आणि १९३३ साली जातपात न पाहता कोणालाही चहा-फराळ मिळावा असे अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. त्या सहभोजनांचा रोख हिंदूंमधला जातिभेद मोडण्यावर होता. आंटी किंवा भाभी यांच्या ताटाचा प्रश्न त्यात नव्हता. तो आमच्या वाट्याला आला, असे म्हणू. आणि याच जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंचे काय झाले हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगायला नको. नवऱ्याच्या जवळ राहायला आल्या तरी त्यांचा चूल-पाण्याचा विटाळ चटकन सुटला नाही. तो सुटायला वेळ लागला आणि त्यांनी तो वेळ प्रामाणिकपणे सांगितला. आमच्या आजीला मी नावे ठेवत नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझे मत असे, की सामायिक जेवणाच्या आधीचा पेला आणि त्याबरोबरची ताटली ही सर्वांना घेता येईल अशीच हवी. जेवणात खुशाल निवड असो. आधीच्या खाण्यात निवड नको.

या कसोटीवर पहिला पक्ष बाद होतो. दारूबद्दल मी नीतिपाठ देणार नाही, तो देणारे पुष्कळ आहेत. कायद्याचे म्हणाल तर मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि तीव्र मद्यासाठी पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. आमच्या तरुण पक्षातल्या निम्म्यांची अजून व्हायची आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. गच्चीवर बाटली आली की काय होते हे आपण लग्नाच्या हळदीला पाहतोच. पुरुष एका कोपऱ्यात सरकतात, बायका दुसऱ्या कोपऱ्यात, मुलांना खाली पिटाळले जाते. दोन्ही मुसलमान कुटुंबे लवकर जातात. म्हणजे चौदा बिऱ्हाडे एकत्र बसावीत म्हणून जो घाट घातला, त्याचे पहिल्या अर्ध्या तासात चार तुकडे होतात. आणि दोष जातो आंटींच्या सणाला!

वेगळ्या टेबलाची मागणी मला सभेत फार झोंबली होती. नंतर तितकी झोंबली नाही. त्यामागे तिरस्कार नसतो, बहुधा भीती असते. आपल्या चमच्याला कोणाचा तरी चमचा लागेल ही भीती. परंतु त्यावर उपाय वेगळे टेबल हा नाही. आधीच्या खाण्यात मांस-मासळी आणि अंडे आणायचेच नाही, म्हणजे भीतीला जागाच उरत नाही. शिवाय पंचांगाकडे पाहायला हवे होते. २०२४ चा नाताळ बुधवारी आला आणि महिना मार्गशीर्ष. कित्येक घरे मार्गशीर्षभर मासळी शिजवत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेवटचा गुरुवार, महालक्ष्मीचे घट, आणि तीच सफला एकादशी. म्हणजे त्या दिवशी 'शाकाहारी' हा शब्द केवळ एका जैन कुटुंबापुरता नव्हता, निम्म्या संकुलाला लागू होता. (२०२५ साली नाताळ नेमका गुरुवारी आला, पण तोवर पौष लागला होता, त्यामुळे निभावले.)

सोयीच्या पक्षाबद्दल काय लिहावे? बाटलीतले रंगीत पाणी कोणालाच आक्षेपार्ह वाटत नाही, हे खरे. परंतु ते कोणाच्याच घरचे नसते. पाकीट फोडून वाटीत ओतले तर त्यात आपण काय दिले?

मग द्यावे काय? आमच्या कोकणाने याचे उत्तर पिढ्यान् पिढ्या बरणीत भरून ठेवलेले आहे. कोकमाचे सरबत! सोलांत साखर घालून उन्हात मुरवलेले अमृत कोकम सगळ्या घरांत असते. त्यात अंडे नाही, दारू नाही, कांदा-लसूण नाही. एकादशीला चालते, मधुमेहवाल्यांना साखर टाळायची तर आगळात पाणी आणि चिमूट जिरे घालून देता येते. रंग असा की काचेच्या पेल्यात ओतले तर द्राक्षासवाच्या तोंडात मारील. आम्ही हिशेब केला: बावन्न माणसे, प्रत्येकी दीडशे मिलीलिटरचे दोन पेले, म्हणजे सुमारे सोळा लिटर. पातेले स्टीलचे घ्यावे. पितळेचे घेतले आणि कल्हई उडालेली असली तर आंबट पदार्थ कळकतो. सोलकढीवर खूप वाद झाला. काकूंचे म्हणणे तीच आधी द्यावी. परंतु नारळाचे दूध काढून फार वेळ ठेवता येत नाही, आणि सोलकढीची जागा भाताशेजारीच आहे. शेवटी सोलकढी जेवणात गेली. आईच्या मापाने चार माणसांना एक नारळ, म्हणजे तेरा नारळ.

ताटलीचे इतके सोपे नव्हते. मला वाटले होते, डिसेंबरात कणगर निघतात, मिठाच्या पाण्यात उकडून ठेवू; याहून निर्मळ खाणे कोणते? तर जैन काकी म्हणाल्या, आम्ही कंद खात नाही. बटाटेवडेही त्याच न्यायाने गेले. सर्वांना घेता येईल अशा गोष्टी मोजायला बसले तेव्हा हाताची बोटे पुरून उरली: फणसाचे तळलेले गरे, भाजलेले काजू आणि आंटींच्या नेवऱ्या-कलकल. कलकल आंटी अंड्याशिवायच करतात, हे विचारल्यावर कळले! काजू महाग, म्हणून मोजून दिले. या काजूची एक गंमत आहे. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि आपण त्याचे नावही त्यांच्याच भाषेतले ठेवले. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, 'नाताळ' हा शब्दही त्यांचाच. आपण 'ख्रिसमस' म्हणण्याच्या कितीतरी आधीपासून 'नाताळ' म्हणतो आहोत. जिभेला जो सण इतका जुना ओळखीचा आहे, तो पोटाला परका का?

माझ्या या मताला माझ्या एका मैत्रिणीने जोरदार हरकत घेतली. ती म्हणाली, "म्हणजे आंटींनी स्वतःच्या सणात स्वतःचा केक बाजूला ठेवायचा, तुमच्या पोटाला सोसावा म्हणून! गणपतीत तुम्ही मोदक बदलता का कोणासाठी?" या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. अर्धे उत्तर असे, की आंटींच्या घरचा नाताळ आंटींचा. चोवीसच्या रात्री मिसाहून आल्यावर त्यांच्या टेबलावर काय असावे हे त्यांनी ठरवावे, आणि तेथे आपण जायचे तर पाहुण्यासारखे, त्यांच्या रीतीने जायचे. गच्चीवरचे जेवण सगळ्यांचे. तेथे प्रत्येकाला थोडे सोडावे लागते. तरुणांनी बाटली सोडली, आईने कणगर सोडले. परंतु आंटींना सोडावे लागले ते आमच्यापेक्षा जास्त होते, हे मी नाकारत नाही.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. सुकामेवा रममध्ये न भिजवता संत्र्याच्या रसात भिजवला आणि दोन केक केले, एक नेहमीचा, एक बिनअंड्याचा. ते जेवणानंतर गोडाच्या टेबलावर ठेवले, आणि भाभींच्या मुलीने प्रत्येक ताटापुढे चिठ्ठी लावली: 'अंडे आहे', 'अंडे नाही'. चिठ्ठ्यांमुळे सण दवाखान्यासारखा दिसतो, असे कोणी म्हणाले. म्हणोत. एखाद्याला नकळत खाऊ घालून मागून "बघ, काही झाले का?" असे विचारणारे लोक मी पाहिले आहेत. त्या विनोदापेक्षा चिठ्ठी शंभरपटीने बरी. माणसाला खरे सांगितले की तो हवे ते विश्वासाने खातो, आणि नको ते उघडपणे नाकारतो. वॉचमनच्या हाती गुपचूप पोचवण्याची वेळ येत नाही.

आणखी एक गोष्ट मी सभेत भांडून मान्य करून घेतली. सरबत ओतायचे काम पुरुषांकडे. एरवी अशा जेवणांत बायका सकाळपासून राबतात आणि त्यांच्या हातात पेला येतो तो सगळ्यांचे झाल्यावर, कोमट. 'केक आणि बाटली' म्हणणाऱ्या काकांनाच मी ओगराळे दिले. ते काम त्यांनी मनापासून केले, हे सांगायला हवे. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी पेला दिला, आणि आंटी आल्या तेव्हा दोन्ही हातांनी दिला.

आजीने काय केले, असे घरातले वाचक विचारतील. आजी वर आली. तिने सरबत घेतले. कलकल हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "ही तर आपली शंकरपाळी, नुसती वळलेली." चार खाल्ली. गोडाच्या टेबलाशी जाऊन तिने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि केक घेतला नाही, बिनअंड्याचाही नाही. "मला नको गो, सवय नाही," असे तिने आंटींना तोंडावर सांगितले. आंटी म्हणाल्या, "राहू दे आजी, मग दोदोल पाठवते." आणि खरोखरच पाठवला. त्या वर्षी आमच्या घरी केकचा तुकडा आलाच नाही, आणि मला जिन्यात खोटे बोलावे लागले नाही. आईने डबा परत देताना त्यात नाचणीचे लाडू घातले. इतक्या वर्षांत तो डबा आम्ही कितीदा घासून रिकामाच परत केला होता, हे आता आठवून उपयोग नाही.

२०२६ चा नाताळ शुक्रवारी आहे आणि पुन्हा मार्गशीर्षात. शुक्रवार म्हणजे भाभींच्या घरातल्या पुरुषांची जुम्म्याची नमाज, म्हणजे जेवण दोनच्या पुढे जाणार, आणि तोवर लोकांना उपाशी ठेवता येणार नाही. आधीचे खाणे वाढवावे लागेल. त्याची तयारी मात्र डिसेंबरात करून भागत नाही. फणसाचे गरे तळायचे ते उन्हाळ्यात, अमृत कोकम घालायचे ते उन्हाळ्यात. पहिला पाऊस पडला की दोन्ही हातचे गेले. गेल्या खेपेला गरे अर्ध्या तासात संपले होते. आजीने या वेळी दोन कापे फणस आतापासूनच सांगून ठेवले आहेत, आणि तळायला आंटींना बोलावले आहे.